नाशिकमधील कर्णबधिर शिक्षण आणि श्रवणयंत्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पहिली शाळा निघाली तेव्हा अशा मुलांना सर्रास 'मूकबधिर' म्हटले जाई. मूकत्व हा स्वतंत्र दोष नसून ऐकू न येण्याचा परिणाम होय, हे श्रवणयंत्र व वाचा-प्रशिक्षणामुळे स्पष्ट होत गेले. नाशिकच्या 'श्रीमती माई लेले श्रवण विकास विद्यालय' व 'पडसाद कर्णबधिर विद्यालय' या नावांत 'मूक' शब्दच नाही.

१९८१ पासून केंद्राच्या 'एडिप' योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रे मिळू लागली. १९९५ च्या कायद्याने चांगल्या कानातील ६० डेसिबल श्रवणऱ्हास ही अपंगत्वाची मर्यादा ठरविली. मात्र गोंगाटाच्या वर्गात वाक्य कळले की नाही, हे त्या आकड्यात येत नाही. यंत्र आवाज मोठा करते. शिक्षकाचा आणि पंख्याचाही. सेल संपला किंवा पावसाळ्यात ओल शिरली, की मूल पुन्हा पूर्वीच्याच शांततेत जाते. मोफत यंत्राचा खर्च खरे तर ते मिळाल्यानंतर सुरू होतो, आणि तो कुटुंबावर पडतो.

२०१६ च्या कायद्याने कर्णबधिरांना सर्वाधिक योग्य भाषेत व संवादपद्धतीत शिक्षण देण्याचे बंधन घातले. वाचाकेंद्री शिक्षणात दीर्घकाळ दुय्यम मानल्या गेलेल्या खुणांच्या भाषेला त्यामुळे मधल्या सुट्टीतून वर्गात येण्याची वाट मिळाली.