भट्टी परकी, तूप घरचे

टिटवाळ्याच्या गणपतीला नैवेद्य दाखवणाऱ्या घरांत मोदक वाफवला जाई, करंजी तळली जाई. भट्टीला तिथे जागाच नव्हती. तरी या कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, भाजणावळ मोजायची आणि नानकटाईचे डबे घरी आणायचे, ही रीत अनेक घरांनी पाळली. फराळातून उरलेल्या जिनसांची ही काटकसर होती, असे म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. आपले सामान आपल्या नजरेसमोर मळले जावे, हा आग्रह त्या डब्यांत अधिक होता. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. परक्या हातच्या भाजलेल्या पदार्थाची एवढी धास्ती असलेल्या समाजात बिस्किट सोवळ्याच्या घरात शिरले, ते नानकटाईच्या रूपाने. तिला ना अंडे लागते, ना यीस्ट. तूप-साखर फेसायची, पीठ मिसळायचे, वेलची घालायची. सगळे करंजी-लाडवांच्याच सामानातले.

यावर कोणी म्हणेल, भट्टी तर पावाचीच होती, मग सोवळे उरले कुठे? आक्षेप खरा आहे. पण सामान घरचे असले की परका विस्तव चालवून घ्यायचा, ही तडजोड लोकांनी केली, आणि सामाजिक बदल बहुधा अशाच तडजोडींतून होतात. दुसरे म्हणणे टंचाईचे: 1943 पासून मुंबईत रेशनिंग आले, साखर जपून वापरावी लागली. टंचाईने घरातले सामान मोलाचे केले, हे मान्य. पण निव्वळ पैसे वाचवायचे असते तर सर्वांत महाग जिन्नस, तूप, कोणी घरून नेले नसते. पुढे तुपाऐवजी डालडा आला, तोही घरच्याच डब्यातला. खारी बिस्किटांचे मात्र तसे झाले नाही. पदर लाटणे, मध्ये वनस्पती तूप भरणे, पुन्हा घडी घालणे हे कारागिराचे काम, म्हणून खारी विकतचीच राहिली. घरचे खारे म्हणजे तिखटमिठाचे शंकरपाळे, तेही तळलेले. पुढे 2001 च्या नियमाने शाकाहारी पाकिटांवर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. जी खात्री करण्यासाठी बायका बेकरीत बसून राहत, ती आता छापील मिळू लागली.