नेवाळीची धावपट्टी : युद्ध संपलं, विमानं गेली, पण जमिनीचा वाद ऐंशी वर्षांनीही कायम, वाचा सविस्तर

अंबरनाथ तालुका : कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागतं. बदलापूर-काटई रस्ताही इथूनच जातो. याच भागात ब्रिटिशांच्या काळातली विमानाची धावपट्टी आहे. इथून आता कुठलंही विमान उडत नाही. तरीही या जागेचं नाव निघालं की गावात चर्चा सुरू होते. कारण प्रश्न विमानाचा नाही, जमिनीचा आहे.

धावपट्टी का बांधली?

डिसेंबर 1941 मध्ये जपान दुसऱ्या महायुद्धात उतरला. 1942 च्या मध्यापर्यंत त्याने जवळजवळ सगळा ब्रह्मदेश घेतला आणि युद्ध भारताच्या दारात आलं. ब्रिटिश सरकारने देशभर घाईघाईने विमानतळ बांधायला घेतले. मुंबई हे मोठं बंदर, तर कल्याण हे नाशिक आणि पुणे या दोन्ही बाजूंच्या रेल्वेचं जंक्शन. त्यामुळे हा पट्टा लष्कराला सोयीचा होता. नेवाळी, भाल आणि आसपासच्या गावांची मिळून सोळाशे एकरांच्या घरात जमीन विमानतळासाठी घेण्यात आली.

त्याच काळात जवळच कल्याण इथे सैनिकांची मोठी छावणीही होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये हजारो सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिचं नाव उल्हासनगर पडलं. म्हणजे छावणीचं शहर झालं. धावपट्टीचं मात्र भिजत घोंगडं राहिलं.

वाद नेमका काय?

1945 मध्ये युद्ध संपलं. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की, जमीन युद्धापुरती घेतली होती, त्यामुळे ती परत मिळायला हवी होती. अनेक कुटुंबं इथे पिढ्यानपिढ्या भातशेती करत आली. दुसरीकडे, जमीन संरक्षण खात्याची आहे, अशी सरकारी बाजू आहे.

2017 मध्ये नौदलाने जागेला कुंपणभिंत घालण्याचं काम सुरू केलं आणि वाद पेटला. 22 जून 2017 रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहनं जाळली गेली, पोलिसांनीही बळाचा वापर केला. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. ऐन पेरणीच्या दिवसांत ही वेळ आली होती.

'अधिग्रहण' आणि 'संपादन' यात फरक काय?

सगळा वाद या दोन शब्दांवर येऊन थांबतो. टंचाईच्या काळात तहसीलदार गावातली खासगी विहीर अधिग्रहित करतात. पाणी गावाला मिळतं, मालकाला मोबदला मिळतो, पण विहीर मालकाचीच राहते. टंचाई सरली की ती मोकळी होते. हे झालं अधिग्रहण. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेली की मालकीच सरकारकडे जाते. ते संपादन.

युद्धकाळात 1939 च्या भारत संरक्षण कायद्याखाली खासगी जमिनी अशाच अधिग्रहित करता येत होत्या. कायमची जमीन घ्यायची तर 1894 चा भूसंपादन कायदा होता. पुढे 1952 मध्ये अधिग्रहणाचा वेगळा कायदा आला. जमीन मोकळी करताना ती मालकाला परत देण्याची तरतूद त्यात होती. पण अधिग्रहित जमिनीवर सरकारी खर्चाने बांधकाम झालं असेल, तर ती कायमची संपादित करण्याची सोयही होती. म्हणून नुसतं 'युद्ध संपलं' एवढ्यावर निकाल लागत नाही. कागद बोलतो.

कोणते कागद बघायचे?

● जुने सातबारा आणि फेरफार : कब्जेदार म्हणून कोणाचं नाव होतं आणि ते कोणत्या फेरफाराने बदललं, हे यातून कळतं.
● संपादनाचा निवाडा आणि राजपत्रातली अधिसूचना : 1894 च्या कायद्याने जमीन घेतली असेल तर हे कागद असायला हवेत.
● कमी-जास्त पत्रक (कजाप) : भूमी अभिलेख कार्यालयात मिळतं. किती क्षेत्र कमी झालं ते यात असतं.
● मोबदल्याची नोंद : रक्कम दरवर्षी भाड्यासारखी दिली की एकरकमी किंमत म्हणून, हे नीट तपासा.

हे कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'नोंद उपलब्ध नाही' असं उत्तर आलं, तरी ते लेखी घ्या आणि जपून ठेवा.

ज्यांच्या नावावर जमीन होती, ती पिढी आता जवळपास संपली आहे. गट नंबर, जुने सर्व्हे नंबर, शेताची नावं ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी मोजकी म्हातारी माणसं गावात उरलीत. त्यांच्याकडून ही माहिती आत्ताच लिहून घ्या. पुढे कागद सापडला, तरी तो कोणत्या शेताचा हे सांगायला कुणी राहणार नाही.