सीएचएम दर्शक

सीएचएम दर्शक म्हणजे सीएचएम स्वरूपातील मदत संचिका उघडून वाचण्यासाठी वापरली जाणारी संगणक आज्ञावली होय. हे स्वरूप मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी तयार केले असले, तरी एक्ससीएचएम, केसीएचएमव्ह्यूअर यांसारख्या मुक्त स्रोत दर्शकांमुळे अशा संचिका लिनक्स, मॅक व अन्य संचालन प्रणालींवरही वाचता येतात. देवनागरी मजकुराच्या बाबतीत मात्र या स्वरूपाला मूलभूत मर्यादा आहेत. मराठी मदत संचिका तयार करणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास त्या माहीत असणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

आज्ञावली कशी वापरावी हे सांगणारा मजकूर पूर्वी छापील पुस्तिकेत दिला जात असे. विंडोज ३.० (१९९०) बरोबर ‘विनहेल्प’ ही पद्धत आली आणि हा मजकूर .एचएलपी संचिकेच्या रूपाने संगणकावरच मिळू लागला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एचटीएमएल हेल्प’ ही नवी पद्धत आणली. सीएचएम हे तिचेच संचिका-स्वरूप होय. यात मदतीची पाने संकेतस्थळाच्या पानांप्रमाणे एचटीएमएलमध्ये लिहून, चित्रांसह एकाच संचिकेत दाबून बसवली जातात. इंटरनेट जोडणी नसतानाही संपूर्ण पुस्तिका शोधसोयीसह हाताशी राहत असल्याने हे स्वरूप लोकप्रिय झाले. पायथॉन व पीएचपी या संगणकभाषांच्या हस्तपुस्तिकाही अनेक वर्षे या स्वरूपात उपलब्ध होत्या.

संचिकेची रचना

सीएचएम संचिका ‘आयटीएसएफ’ या चार अक्षरांनी सुरू होते. आतील मजकूर एलझेडएक्स पद्धतीने संक्षिप्त केलेला असतो. पानांखेरीज तीत पुढील भाग असू शकतात :

• अनुक्रमणिका (.एचएचसी) – प्रकरणे व उपप्रकरणे यांची श्रेणीबद्ध यादी.
• शब्दसूची (.एचएचके) – शब्द आणि ते ज्या पानांवर आहेत त्यांचे दुवे.
• शोधसूची – संपूर्ण मजकुरात शब्द शोधण्यासाठी आधीच तयार केलेली नोंद.
• भाषाक्रमांक – संचिका कोणत्या भाषेसाठी आहे हे सांगणारा अंक. मराठीचा क्रमांक ११०२ आहे.

दर्शकाच्या खिडकीत सामान्यतः डावीकडे अनुक्रमणिका, शब्दसूची व शोध यांचे रकाने आणि उजवीकडे निवडलेले पान दिसते.

प्रमुख दर्शक

विंडोजवर ‘एचएच’ ही अंगभूत आज्ञावली सीएचएम संचिका उघडते. या स्वरूपाचा अधिकृत तपशील मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला नव्हता. स्वतंत्र अभ्यासकांनी संचिकांची उकल करून तो जुळवला. त्यावर आधारलेला ‘सीएचएमलिब’ हा मुक्त आज्ञासंग्रह अनेक दर्शकांचा पाया ठरला.

एक्ससीएचएम हा डब्ल्यूएक्सविजेट्सवर आधारित, आटोपशीर दर्शक आहे. त्याची पान दाखवण्याची यंत्रणा साधी असल्याने गुंतागुंतीची मांडणी असलेली पाने त्यात मूळ रूपात दिसतीलच असे नाही. केसीएचएमव्ह्यूअर हा सी++ भाषेत क्यूटी आज्ञासंग्रहाच्या आधारे लिहिलेला असून केडीई नसतानाही चालतो. वाचनखुणा, मजकुरातील शोध आणि संकेतन हाताने बदलण्याची सोय त्यात आहे. केडीईचा ओक्युलर हा दस्तऐवज-वाचकही सीएचएम उघडू शकतो. केवळ आतील पाने बाहेर काढायची असल्यास ७-झिप पुरेसे होते.

देवनागरी व मराठी

सीएचएम स्वरूप युनिकोडचा वापर सार्वत्रिक होण्यापूर्वीचे आहे. त्यातील मुख्य पाने युटीएफ-८ संकेतनात लिहिता येतात व मराठी मजकूर त्यांत नीट उमटतो. परंतु अनुक्रमणिका आणि शब्दसूची यांसाठी विंडोजची त्या त्या भाषेची जुनी संकेतसारणी गृहीत धरलेली आहे. रशियन भाषेला १२५१, जपानीला ९३२ अशा सारण्या आहेत. विंडोजमध्ये देवनागरीचा आधार विंडोज २००० पासून आला, तो थेट युनिकोडद्वारे. त्यामुळे मराठी व हिंदीसाठी अशी सारणी बनलीच नाही.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. लातूर किंवा नांदेड येथील आडत दुकानासाठी हिशेबाची आज्ञावली लिहिली आणि तिच्या मदतीत ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘पट्टी’ या शब्दांची सूची दिली, तर पानांवरील मजकूर वाचता येतो. सूचीत मात्र शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. अंगभूत शोधही अशा मजकुरावर भरवशाचा राहत नाही. मजकूर मराठीत असूनही हवे ते पान सापडत नाही, आणि मदत संचिकेचा मुख्य हेतूच असफल होतो. संचिका तयार होतानाच अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली असल्यास दर्शक बदलून ती परत मिळत नाहीत. मूळ अक्षरे शाबूत असून केवळ संकेतन चुकीचे ओळखले गेले असेल, तरच दर्शकातील संकेतन बदलून उपयोग होतो.

युनिकोडपूर्व काळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले टंक वापरून मराठी मजकूर तयार केला जाई. अनुक्रमणिकेसाठी टंक नेमण्याची सोय असल्याने विंडोजवर ही युक्ती चालत असे. तोच टंक नसलेल्या संगणकावर मात्र असा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. तो वाचण्यासाठी टंक मिळवावा लागतो किंवा पाने बाहेर काढून मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

नवी मराठी सीएचएम संचिका करताना अनुक्रमणिका हे युटीएफ-८ मधील स्वतंत्र पान म्हणून सुरुवातीस देणे आणि त्यावरून इतर पानांना दुवे जोडणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

सुरक्षा

सीएचएम संचिकेत कार्यवाहीयोग्य आज्ञा ठेवता येत असल्याने हे स्वरूप घातक आज्ञावली पसरवण्यासाठीही वापरले गेले. २००५ मधील सुरक्षा सुधारणांनंतर विंडोज जाळ्यावरील, म्हणजे दुसऱ्या संगणकावरील, सीएचएम संचिकांची पाने सहसा दाखवत नाही. डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान कोरे राहते. संचिका विश्वासार्ह असल्याची खात्री करून ती स्वतःच्या संगणकावर उतरवली व तिच्या गुणधर्मांत ‘अनब्लॉक’ हा पर्याय निवडला की पाने दिसू लागतात.

पर्यायी स्वरूपे

क्यूटी असिस्टंटच्या .क्यूसीएच संचिका, ग्नोमच्या येल्प या दर्शकात उघडणारे एक्सएमएल दस्तऐवज आणि ईपब ही स्वरूपे युनिकोडवर आधारलेली आहेत. त्यांत मराठी शीर्षके अनुक्रमणिकेतही उमटतात. केसीएचएमव्ह्यूअरच्या नंतरच्या आवृत्त्या ईपबही उघडतात. त्यामुळे जुन्या सीएचएम संचिका आणि ईपबमधील नव्या मराठी पुस्तिका एकाच दर्शकात वाचता येतात.