पपईचा चीक आणि पोटातील जंत

शेंदूरजनाघाट म्हटले की वाचकांना संत्र्याची कलमे आठवतात. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावच्या रोपवाटिकांतून जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमे दूरदूर जातात. आम्हांला मात्र येथे संत्र्याविषयी लिहावयाचे नाही. ओलिताच्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांच्या तळपायांतून अंकुशकृमी शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि माणसाला पांढराफटक करून सोडतो. या शत्रूशी वनस्पतींच्या साह्याने माणूस कसा झुंजला, तो इतिहास आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

वऱ्हाडाच्या डोंगरउतारांवर पळस भरपूर. त्याचे चपटे बी म्हणजे पळसपापडी. जंतांवर ती आणि वावडिंग ही आपल्याकडची जुनी औषधे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमिचिकित्सेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : कृमी बाहेर काढणे, त्यांना पोषक अशी शरीरातील परिस्थिती मोडणे आणि मूळ कारण टाळणे. तिसरी पायरी आजच्या आरोग्यखात्यालाही शिकवता येण्याजोगी आहे. ओव्याचीही हकिकत ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओवा जहाजांनी जर्मनीस जाई, तेथे त्यातून थायमॉल काढले जाई आणि तेच थायमॉल त्या काळी अंकुशकृमीवरचे प्रमुख औषध होते. धान्य आपले, औषध परक्याचे!

पण या साऱ्या औषधांतील गुणकारी द्रव्ये जंताला विषासारखी बाधतात. पपईची गोष्ट वेगळी. ती मूळची अमेरिकेची. 1583 मध्ये गोव्यास येऊन तेथील आर्चबिशपांच्या पदरी लेखनिक म्हणून राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने 1596 च्या आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली आहे. स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्समार्गे मलाक्क्यास आणि तेथून हिंदुस्थानात, असा त्याचा प्रवास त्याने दिला आहे. परदेशी नाव जिभेवर रुळवून घेत पपई पुढे आपल्या परसांत इतकी घरची झाली, की ती पाहुणी आहे हेच आपण विसरलो.

कच्च्या पपईच्या फोडींनी चिवट मांस लवकर शिजते, हे गृहिणींना ठाऊकच होते. 1873 मध्ये जी. सी. रॉय यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात पपईच्या रसाच्या या पाचक शक्तीवर लेख लिहिला. त्यानंतर काही वर्षांनी, 1879 मध्ये, फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी चिकातील विकराला ‘पपेन’ हे नाव दिले. नाव त्यांचे राहिले. रॉय यांची आठवण मात्र थोड्यांनाच आहे.

मांस पचवणारे हे विकर जिवंत जंताला पचवील काय? दक्षिण अमेरिकेतील लोक एका जातीच्या रानअंजिराचा चीक जंतांवर पीत असत. त्यातील गुण विकराचाच असल्याचे 1930 मध्ये रॉबिन्स या संशोधकाने दाखविले. 1939 मध्ये बर्गर आणि असेन्हो यांनी ताज्या अननसाच्या रसात गोलकृमी विरघळतात हे नोंदविले आणि पुढल्याच वर्षी स्फटिकरूप पपेनचा तोच प्रभाव सिद्ध केला. जंताचे बाह्य आवरण प्रथिनांचे असते. आपल्या आतड्यातील ट्रिप्सिनासारख्या विकरांना तो स्वतःच्या रोधकद्रव्यांनी थोपवून धरतो, म्हणून तर तो तेथे सुखाने नांदतो. वनस्पतींची ही विकरे वेगळ्या घडणीची. ती त्या आवरणाला पोखरतात. मग आतल्या दाबाने जंत फुटतो.

इतके कळूनही पुढे फारसे काही झाले नाही. बाजारात स्वस्त व खात्रीची रासायनिक औषधे आली आणि चिकाची विद्या मागे पडली. शिवाय जठरातील आम्लातून विकर शाबूत खाली पोचविणे सोपे नाही. या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात बेंके व त्यांचे सहकारी पुन्हा या प्रश्नाकडे वळले. मेंढ्यांतील जंत नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले होते, हे त्यामागील एक कारण. उंदरांवरील त्यांच्या प्रयोगांत पपईच्या विकरांनी जंत मारले.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. घराघरांतून जंतांवर पपईच्या बिया सांगतात. बियांतील तिखट द्रव्य निराळे, चिकातील विकर निराळे. चीक तर दाहक असतो, कातडीवरही चट्टे उठवितो. तो मुलांना पाजण्याचा प्रयोग कोणी घरी करू नये, असे आम्ही निक्षून सांगतो.

2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. गोळी त्या दिवशीचे जंत काढते. शौचालय नसलेल्या वस्तीत अनवाणी पायांना ते पुन्हा गाठतात. पळसपापडी असो, पपेन असो की अल्बेंडाझोल, चरकाची तिसरी पायरी यांपैकी कोणीच चढून देत नाही.