ई-सिगारेट ते विजेची दुचाकी : लिथियम बॅटरी केव्हा घातक ठरते?

नागपूर, प्रतिनिधी : निकोटिनयुक्त द्रवाची वाफ देणाऱ्या ई-सिगारेटवर केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा संमत केला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात हा गुन्हा आहे. निर्मिती वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तरुण पिढी निकोटिनच्या आहारी जाऊ नये, हा या बंदीमागील मुख्य हेतू होता.

या उपकरणाचा दुसरा धोका मात्र वाफेत नसून ती वाफ तयार करण्यासाठी ऊर्जा पुरविणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीत आहे. ही बॅटरी काही ई-सिगारेटपुरती मर्यादित नाही. टॉर्च, पॉवर बँक, लॅपटॉप आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींमध्येही तीच किंवा तिच्याच जातीची बॅटरी असते. मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या नागपूरच्या रहिवाशांनी तिचा स्वभाव समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बोटाएवढा सेल

लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली ती जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. या बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तिच्या अनेक आकारांपैकी '१८६५०' या नावाने ओळखला जाणारा नळकांड्यासारखा सेल सर्वाधिक परिचित आहे. त्याचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते, म्हणून हे नाव. मोठ्या ई-सिगारेटमध्ये असे एक, दोन किंवा अधिक सेल असतात, तर विजेच्या काही दुचाकींच्या बॅटरीत अशाच नळकांड्यांसारखे शेकडो सेल एकत्र जोडलेले असतात.

या सेलचा सरासरी विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्यापुढे चार्जिंग सुरू ठेवणे धोक्याचे, आणि सुमारे अडीच व्होल्टच्या खाली सेल रिकामा करणेही अपायकारक. सेलच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते. या पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे केसापेक्षाही कमी. सर्वत्र भरलेला द्रव हा ज्वलनशील असतो. अडीच अँपिअर-तास क्षमतेच्या एका सेलमध्ये सुमारे नऊ वॅट-तास ऊर्जा मावते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तासभर उजळण्यास ती पुरेशी आहे. हीच ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडली तर दिव्याऐवजी स्फोट होतो.

साखळी कशी सुरू होते?

सेल प्रमाणाबाहेर तापला की आतील रासायनिक थर सुमारे ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होऊ लागतात आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. १३० अंशांच्या आसपास मधला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो. पडदा गेला की दोन्ही पट्ट्या थेट भिडतात व आतल्या आत शॉर्टसर्किट होते. त्यानंतर काही प्रकारच्या सेलमधील धातूच्या ऑक्साइडमधून प्राणवायूही सुटतो. इंधन, प्राणवायू आणि उष्णता या आगीच्या तिन्ही गरजा अशा रीतीने एकाच डबीत पूर्ण होतात. म्हणूनच ही आग केवळ हवा तोडून विझत नाही. एक सेल पेटला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पोचते आणि तीच साखळी पुढे चालू राहते.

या साखळीची सुरुवात साधारणपणे चार कारणांनी होते. अतिचार्जिंग, मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह खेचणे, बाहेरून बसलेला मार किंवा उष्णता, आणि निर्मितीतील दोष ही ती कारणे होत. चांगल्या उपकरणात सेल व वापरणारा यांच्यामध्ये एक पहारेकरी असतो. दाब, प्रवाह व तापमान यांवर लक्ष ठेवून वेळीच पुरवठा तोडणारे संरक्षक सर्किट म्हणजे हा पहारेकरी. बहुतेक दुर्घटनांत हा पहारेकरी नसतो, निकृष्ट असतो किंवा त्याला बगल दिलेली असते.

'हाय व्होल्टेज'चा हव्यास

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अधिक दाबाच्या ई-सिगारेट. अधिक वाफ हवी म्हणून काही उपकरणांत दोन सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले जातात. त्यामुळे दाब दुप्पट होतो. वरकरणी हा बदल किरकोळ वाटतो, पण त्याचे गणित वेगळे आहे. वाफ करणाऱ्या तारेचा रोध अर्धा ओहम धरला, तर ४.२ व्होल्टच्या एका सेलमधून ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो व सुमारे ३५ वॅट शक्ती खर्च होते. तोच रोध कायम ठेवून ८.४ व्होल्ट दिल्यास प्रवाह १६.८ अँपिअर होतो आणि शक्ती १४१ वॅटवर जाते. दाब दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेल्या सर्वसाधारण सेलची सलग प्रवाह देण्याची मर्यादा मात्र पाच अँपिअरच्या आसपासच असते.

जोडीत आणखी एक मेख आहे. दोन सेल सारख्या क्षमतेचे, सारख्या वयाचे आणि सारखेच भरलेले नसतील, तर दुबळा सेल आधी रिकामा होतो. त्यानंतरही सशक्त सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो आणि रिकाम्या सेलची ध्रुवता उलटू शकते. असा सेल आतून कायमचा बिघडतो. पुढच्या चार्जिंगच्या वेळी तो पेटण्याची शक्यता वाढते. काही ई-सिगारेटमध्ये तर कोणतेही सर्किट नसते. धातूची नळी, सेल, बटण आणि तार एवढेच. येथे पहारेकरी मुळातच नाही, आणि नळी दोन्ही टोकांनी बंद असल्याने आतील वायूंना बाहेर पडण्यास पुरेशी वाट मिळत नाही. परिणामी टोकाचा भाग बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या आग व स्फोटाच्या १९५ घटनांची नोंद आहे. त्यांत १३३ जण जखमी झाले व त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना, ६० वापर सुरू असताना आणि ४८ चार्जिंगच्या वेळी घडल्या. पुढे मे २०१८ मध्ये फ्लोरिडा येथे आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास येथे अशा स्फोटात प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला.

खिशात ठेवलेला सेल का पेटावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. या सेलचे वरचे बटण तेवढे धन टोक असते. उरलेले संपूर्ण धातूचे आवरण ऋण टोकाशी जोडलेले असते. दोहोंमध्ये फक्त प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन असते. ते फाटले आणि खिशातील किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणे दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकले, की शॉर्टसर्किट पूर्ण होते.

बंदीमुळे ही उपकरणे उघड बाजारातून गेली. परंतु चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालावर कोणतेही मानक नसते, बिल नसते आणि तक्रार करण्याची सोयही नसते. भाजल्यानंतर कायद्याच्या भीतीने डॉक्टरांपासून कारण लपविणे हा त्याहून मोठा धोका होय. बॅटरीच्या स्फोटातील जखम केवळ भाजल्याची नसते, रसायनांचीही असते. ही माहिती मिळाली तरच योग्य उपचार करता येतात.

महाराष्ट्रातील धडे

आपल्या राज्यात लिथियम बॅटरीच्या धोक्याची जाणीव करून दिली ती विजेच्या दुचाकींनी. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिक येथे कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या ४० पैकी २० स्कूटर आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला व त्यात होरपळलेल्या सात वर्षांच्या बालकाचा उपचारादरम्यान मृत्यू झाला. त्याच महिन्यात सिकंदराबाद येथे विजेच्या दुचाकींच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरून आठ जणांचा बळी गेला.

या घटनांनंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकींच्या बॅटरीसाठी असलेले 'एआयएस-१५६' हे मानक कडक केले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. सेलची सुरक्षितता, बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, चार्जर आणि एका सेलची आग दुसऱ्याकडे पसरू नये याची व्यवस्था, या सर्वांचा त्यात समावेश आहे. ई-सिगारेटमध्ये जो पहारेकरी नव्हता, तोच येथे सक्तीचा करण्यात आला.

नागपूरचा उन्हाळा

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. लिथियम सेलचे बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश ही मर्यादा घालून देतात. म्हणजे येथील उन्हाळ्यात भर दुपारी सावलीतील हवाच ती मर्यादा ओलांडते. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान याहून कितीतरी अधिक असते. त्यात चार्जिंगमुळे सेल स्वतःही तापतो. उन्हातून आलेली दुचाकी लगेच चार्जिंगला लावू नये, ती सावलीत गार होऊ द्यावी, हा नियम वैदर्भीयांनी तरी कटाक्षाने पाळला पाहिजे. उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी, घरातील माणसे जागी असताना चार्जिंग करणे श्रेयस्कर.

कोणती काळजी घ्यावी?

* सेल किंवा पॉवर बँक विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. पक्के बिल घ्यावे.
* '१८६५०' आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता सर्वसाधारणपणे साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर नऊ हजार छापलेले असेल, तर तो दावा खोटा समजावा.
* उपकरणासोबत आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर वापरावा. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नये.
* जुना व नवा किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नयेत.
* फुगलेला, पडून चेपलेला, वेष्टन फाटलेला किंवा गोडसर वास येणारा सेल पुन्हा चार्ज करू नये.
* सुटे सेल खिशात किंवा पर्समध्ये न ठेवता प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत.
* बॅटरी पलंगावर, उशीखाली, जिन्यात किंवा घराच्या एकमेव दाराशी चार्जिंगला लावू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच बंद होते.
* विमानप्रवासात पॉवर बँक व सुटे सेल हातातील सामानातच ठेवावेत. सामानकक्षात आग लागल्यास तेथे पोचून ती विझविणे कठीण असते.

आग लागल्यास

बॅटरीतून फुस्स असा आवाज, धूर किंवा उग्र वास येऊ लागला, तर हाती केवळ काही सेकंद असतात. शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे आणि दार ओढून घेऊन १०१ किंवा ११२ वर कळवावे. धूर विषारी असतो. लहान उपकरणाची आग असेल आणि वीजपुरवठा तोडलेला असेल, तर भरपूर पाणी हा उत्तम उपाय होय, कारण येथे ज्वाळा विझविण्याइतकेच सेल थंड करणे महत्त्वाचे असते. कोरड्या पावडरने ज्वाळा दबते, परंतु तापलेला सेल पुन्हा पेटू शकतो. दुचाकीची मोठी बॅटरी पेटल्यास मात्र स्वतः प्रयत्न न करता दूर व्हावे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा आणि बॅटरीचा स्फोट झाल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

देशभरातील अग्निशमन अधिकारी ज्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिक्षण घेतात, ते १९५७ पासून याच शहरात आहे. तरीही पहिल्या काही सेकंदांत कोणताही बंब पोचू शकत नाही. त्या वेळी घरातील माणसाला काय ठाऊक आहे, यावरच सारे अवलंबून असते.

निकामी सेल कुठे टाकावेत?

ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार निकामी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे आणि ती परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावा. घंटागाडीत टाकलेला सेल कचरा दाबताना चेपतो आणि तेथून भांडेवाडीपर्यंत कोठेही पेटू शकतो. त्याची झळ मग कचरा उचलणाऱ्या कामगाराला बसते, ज्याने तो सेल कधी वापरलेलाही नसतो.