श्वासाचे राखणदार

आपल्याकडे मूल जन्माला आले की कोणी पाचव्या, तर कोणी सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. घरातील सारे निजले म्हणजे सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. ज्या काळात घरोघर पाळणा हलत असे आणि देवी, घटसर्प किंवा पटकीच्या एका फेऱ्यात तो रिकामाही होत असे, त्या काळातील आयांना या समजुतीचा मोठा आधार होता. मूल गेल्याचे दुःख तेव्हाही डोंगराएवढेच होते. पण ‘तिने तेवढेच लिहिले होते’ असे म्हणून निदान डोळे पुसता येत. आपण काही ठरवले म्हणून असे झाले, हा काच त्या दुःखात नव्हता.

ती लेखणी थोडीशी माणसाच्या हाती आली, ती गेल्या पाऊण शतकात. अत्यवस्थ मुलांसाठी इस्पितळात जो अतिदक्षता विभाग असतो, त्याचा इतिहास म्हणजे या लेखणीच्या हस्तांतराचा इतिहास आहे. सणासुदीला हा विषय जड वाटेल खरा; पण यंदा अंगणात भुईनळे लावणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुले अशाच एखाद्या खोलीतून बरी होऊन घरी परतलेली आहेत. त्यांची कहाणी सणाच्या दिवशी सांगण्यात अशुभ काही नाही.

ही कहाणी सुरू होते डेन्मार्कमध्ये. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत तेथील ब्लेगडॅम इस्पितळात सुमारे २,७०० रुग्ण दाखल झाले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. तीनशेहून अधिक रुग्णांचे श्वासाचे किंवा गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. इस्पितळाजवळ लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखली जाणारी पेटी होती फक्त एक, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. या पेटीत रुग्णाचे धड बंद करीत व डोके बाहेर ठेवीत. पेटीतील हवा ओढून घेतली की छाती आपोआप फुगे. ज्यांचा घसा शाबूत असे त्यांना तिचा उपयोग होई. पण ज्यांचा घसाच लुळा पडला होता त्यांची लाळ श्वासनलिकेत उतरे, आणि पेटीत असूनही ती मुले गुदमरत. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

इस्पितळाचे प्रमुख डॉ. लासेन हे साथीच्या रोगांचे नावाजलेले जाणकार होते. परंतु या आकड्यांपुढे त्यांनाही हात टेकावे लागले. अखेर एका तरुण सहकाऱ्याच्या सूचनेवरून त्यांनी भूल देणाऱ्या एका डॉक्टरांना बोलावले. त्यांचे नाव ब्यॉर्न इब्सेन. (नाटककार इब्सेन नॉर्वेचे; हे डेन्मार्कचे.) त्या काळी भूल देणाऱ्याची जागा शस्त्रक्रियेच्या खोलीत, तीही रुग्णाच्या उशाशी. साथीच्या वॉर्डात त्याचे काय काम, असे कुणालाही वाटले असते. पण इब्सेन यांनी दगावलेल्या रुग्णांचे अहवाल वाचले, आणि इतरांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट त्यांना दिसली. रुग्णांच्या रक्तातील जो फरक इतर डॉक्टर विषाणूचा प्रताप समजत होते, तो साठलेल्या कर्बवायूचा परिणाम होता. याचा अर्थ मुले पोलिओने मरत नव्हती. श्वास अपुरा पडल्याने मरत होती. आणि अपुरा श्वास पुरा करणे हे तर भूलतज्ज्ञाचे रोजचेच काम!

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापुढे आणण्यात आली. हातपाय लुळे, अंगात ताप, घशात घरघर, चेहरा निळसर. गळ्यापाशी छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. नळीला रबरी पिशवी जोडून इब्सेन ती हाताने दाबू लागले. परंतु मुलगी धडपडू लागली. छाती आवळली गेली आणि हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर हळूहळू खोलीबाहेर जाऊ लागले. तेव्हा इब्सेन यांनी तिला भुलेचे औषध टोचले. तिची धडपड थांबली, छाती सैल झाली आणि पिशवीतली हवा आत शिरली. थोड्याच वेळात त्वचेवर गुलाबी छटा आली. मग त्यांनी तिला पुन्हा जुन्या यंत्रावर ठेवले, तशी ती पुन्हा ढासळू लागली. पिशवी हाती घेताच पुन्हा सावरली. वाद तिथेच मिटला.

आता प्रश्न होता हातांचा. पिशवी दाबणारे यंत्र नव्हते आणि एकाच वेळी अशी साठ-सत्तर माणसे श्वासासाठी खोळंबली होती. तेव्हा वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हाक गेली. सुमारे दीड हजार विद्यार्थी आले. पाळीपाळीने ते खाटेशेजारी बसत आणि तासन्‌तास पिशवी दाबीत: श्वास आत, श्वास बाहेर. असे एकंदर १,६५,००० तास झाले, अशी नोंद आहे. मृत्यूचे प्रमाण शेकडा ८७ वरून घसरत वर्षअखेर शेकडा २५ च्या आसपास आले.

गळ्यात नळी असलेल्या मुलाला बोलता येत नाही. त्याला काय हवे ते डोळ्यांवरून ओळखायचे. अठरा-वीस वर्षांची ती पोरे या मुलांचा श्वास झाली आणि त्यांची सोबतही. आणि शेकडा २५ म्हणजे काही मुले गेलीच. तीही कुणाच्या ना कुणाच्या हाताशी असतानाच गेली. ज्या मुलीपासून हे सारे सुरू झाले ती वाचली. पण तिचा श्वास मात्र स्वतंत्र झाला नाही. १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षे, ती कृत्रिम श्वासावर जगली.

पुढे स्वीडनमध्ये एंगस्ट्रम यांनी तयार केलेल्या यंत्रासारख्या यंत्रांनी विद्यार्थ्यांची जागा घेतली. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी कोपनहेगनच्या दुसऱ्या एका इस्पितळात सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. १९५५ साली स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात भूलतज्ज्ञ हाग्लुंड यांनी खास मुलांसाठी असा विभाग सुरू केला, आणि १९६७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल-इस्पितळात तसाच विभाग आला. यंत्र थकत नाही, झोपत नाही, ही त्याची थोरवी. पण हाताला थकवा येई तसे हाताला कळतही असे. यंत्राला यातले काहीच कळत नाही. कुणी थांबवीपर्यंत ते चालूच राहते. इथे पहिल्यांदा असा प्रश्न उभा राहिला की, जो आजवरच्या एकाही पिढीला पडला नव्हता: थांबवायचे केव्हा, आणि कुणी?

डॉक्टरांना हा प्रश्न इतका टोचला की १९५७ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या ब्रूनो हाइड या भूलतज्ज्ञांनी तो थेट रोमला, पोप बारावे पायस यांच्यापुढे मांडला. त्या नोव्हेंबरात पोपनी उत्तर दिले. प्राण राखण्याचे नेहमीचे उपाय करणे हे कर्तव्य आहे. पण रुग्णावर वा कुटुंबावर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करीतच राहावे, असे बंधन नाही. आशा संपली असेल तर यंत्र काढता येते, आणि मृत्यू केव्हा झाला हे ठरवणे वैद्यांचे काम आहे. धर्मपीठाकडून इतके मोकळे उत्तर येईल, अशी अपेक्षा थोड्यांनीच केली असेल. पुढे १९६८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका समितीने, हृदय चालू असले तरी मेंदू कायमचा बंद पडल्यास त्याला मृत्यू म्हणावे, असा अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष होते हेन्री बीचर. इब्सेन यांनी तरुणपणी बॉस्टनला ज्यांच्या हाताखाली भूलशास्त्राचे धडे घेतले, तेच हे बीचर! आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली.

मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान त्याची इच्छा काय होती, असे विचारता येते. तान्ह्या मुलाला इच्छा विचारणार कशी? त्यात पुन्हा मुलाचे शरीर असे चिवट, की आज आशा सोडावी आणि उद्या ते हसावे. शिवाय ‘आशा नाही’ या शब्दांचा अर्थ दर दहा वर्षांनी बदलत आला आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना साडेपाच आठवडे अगोदर जन्मलेला मुलगा झाला. त्याची कोवळी फुप्फुसे उघडेनात. जगातील सर्वांत बलाढ्य माणसाच्या या मुलाला बॉस्टनला नेऊन दाबाखालील प्राणवायूच्या कोठीत ठेवले. तरी ३९ तासांत तो गेला. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी यांनी अशा बाळांच्या फुप्फुसांत हवेचा हलका दाब सतत राखण्याची युक्ती शोधली. फुप्फुसाला आतून लागणारा जो पदार्थ या बाळांत कमी असतो, असे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवले होते, तो औषध म्हणून देण्यात जपानच्या फुजिवारा यांना १९८० साली यश आले. आज त्या वयाचे बाळ बहुधा आईच्या कुशीतून घरी जाते. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘आता थांबावे’ हे म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटत नाही, आणि रेटू नये हेच बरे.

तरीही ते म्हणावे लागते. १९७३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डफ व कॅम्पबेल यांनी आपल्या नवजात विभागातील २९९ मृत्यूंचा हिशेब उघड मांडला. त्यांपैकी ४३ बाळांच्या बाबतीत उपचार न करण्याचा वा थांबवण्याचा निर्णय आईबाप व डॉक्टर यांनी मिळून घेतला होता. बंद दाराआड जे चालत होते ते प्रथमच छापले गेले. कुणी त्यांना निर्दय म्हटले, कुणी प्रामाणिक.

१९८२ साली या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जगाने पाहिल्या. त्या वर्षी अमेरिकेतील ब्लूमिंग्टन गावी डाऊन लक्षणसमूह असलेले एक बाळ जन्मले. त्याची अन्ननलिका जोडलेली नव्हती. शस्त्रक्रिया शक्य होती. पण आईबापांनी नकार दिला, न्यायालयाने तो मान्य केला, आणि सहाव्या दिवशी बाळ उपाशी गेले. ते बाळ मरणपंथाला लागलेले नव्हते. त्याचे भावी आयुष्य कमी मोलाचे ठरवले गेले होते, एवढेच. देशभर संताप उसळला आणि १९८४ साली अशा बाळांच्या रक्षणासाठी कायदा झाला. त्याच वर्षी इंग्लंडात ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डोमिनिका यांनी ‘हेलन हाऊस’ उघडले. बरे न होणाऱ्या मुलांनी काही दिवस आईबापांसह घरासारखे राहावे, वेदना कमी व्हाव्यात, आणि वेळ आलीच तर ती तेथे शांतपणे यावी, यासाठी उभारलेले हे जगातील पहिले घर. जगू शकणाऱ्याला सोडून देणे आणि जाणाऱ्याला जवळ घेणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या एका वर्षाने दाखवले.

या साऱ्यात आईबाप कोठे होते? बहुतेक वेळा दाराबाहेर. इंग्लंडातील कितीतरी इस्पितळांत आठवड्यातून एखाद्या दिवशी तासभर भेट, एवढीच मुभा असे. आई दिसली की मूल रडते, म्हणून ती न दिसलेली बरी, असा तर्क. कोपनहेगनच्या साथीच्याच वर्षी, १९५२ मध्ये, जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस चित्रपटात टिपले. ती फारशी रडतही नाही; नुसती मिटत जाते. ते पाहून डॉक्टर प्रथम चिडले, मग विचारात पडले. १९५९ च्या प्लॅट समितीने मुलांना आईबापांची भेट मोकळी करावी, अशी शिफारस केली. आपल्या सरकारी वॉर्डांत आई मुलाच्या खाटेवरच मुक्काम ठोकते, ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की तिची किंमत ध्यानात येत नाही. पण अतिदक्षता विभागाचे काचेचे दार आले, आणि आपल्याकडेही ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

आपल्या भूमीवर या विचाराला वाट मिळाली ती वेगळ्या दिशेने. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. डिसोझा यांनी कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी ‘शांती अवेदना’ हे देशातील पहिले शुश्रूषागृह काढले. मुंबईच्याच के. ई. एम. इस्पितळात परिचारिका अरुणा शानभाग बेशुद्धावस्थेत बेचाळीस वर्षे होत्या आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना मायेने सांभाळले. त्यांच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक उपचार थांबवण्याला सशर्त मान्यता दिली. २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, आणि २०२३ मध्ये डॉक्टरांच्या दोन मंडळांनी व कुटुंबाने मिळून निर्णय घेण्याची रीत सुटसुटीत केली. कायदा झाला, तरी आपला खरा अडसर पुष्कळदा वेगळाच असतो. पैसे संपले म्हणून मूल घरी नेणे आणि पुढचे उपचार केवळ यातना वाढवतील, हे उमजून थांबणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पहिली सक्ती आहे, दुसरी माया. पहिलीला दुसरीचे नाव देऊन समाजाने आपली सुटका करून घेऊ नये.

ज्या पोलिओने हे सारे सुरू केले त्याचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १९५५ साली साल्क यांची लस आली. भारतातील शेवटचा रानटी पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लोखंडी पेट्या संग्रहालयात गेल्या. त्या साथीने दिलेली विद्या मात्र उरली, आणि तिच्यासोबत आलेला प्रश्नही.

त्याचे उत्तर एका सूत्रात सापडलेले नाही. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट चांगल्या विभागांनी ओळखली आहे. यंत्र थांबवायचे ठरले म्हणजे उपचार संपला असे होत नाही. वेदनेवरचे औषध चालू राहते. सुया आणि तारा शक्य तितक्या काढतात. खाटेजवळ खुर्ची ओढून आईला बसवतात आणि मूल तिच्या मांडीवर देतात. आजीला, भावंडांना आत येऊ देतात. घाई कुणी करत नाही. आणि नळी काढल्यावरही डॉक्टर आणि परिचारिका तेथून हलत नाहीत. अखेरचा श्वास होईपर्यंत मुलाच्या उशाशी बसून राहतात.