विजयाराणीचं यंत्र

बिदरच्या आभाळातून हवाई दलाची विमानं गेली की आजी मान वर करून म्हणायची, "निघाली बघ विजयाराणी."

ही राणी तशी आमच्याच मुलखातली. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. ९व्या शतकात अमोघवर्ष राजाचे गुरू जिनसेनाचार्य यांनी आदिपुराण रचलं. त्यातले विद्याधर विजयार्ध पर्वतावर राहतात नि विद्येच्या बळावर आकाशात फिरतात. ही विद्या कुळातून यायची, नाहीतर साधना करून मिळवायची. बाकीच्यांनी जमिनीवर राहायचं.

त्यांचे शिष्य गुणभद्र यांच्या उत्तरपुराणात जीवंधराची कथा येते, आणि तिथं उडतं ते चक्क यंत्र! काष्ठांगार मंत्री उलटला, तेव्हा सत्यंधर राजानं गरोदर विजयाराणीला यंत्रात बसवून पाठवून दिलं. ती उतरली मसणवट्यात. जीवंधर तिथंच जन्मला. पुढं तमिळमधल्या जीवकचिंतामणीत हे यंत्र मोराच्या आकाराचं आहे. कळ उजवीकडे फिरवली की वर, डावीकडे फिरवली की खाली. राणी ते चालवायला आधीच शिकलेली होती.

असं विमान खरंच उडत होतं, असं कुणी म्हणालं की मी भांडते. ती कवींची रचना. पण विद्या नसलेल्या बाईच्या हाती कळ द्यावी, हे त्यांना सुचलं, याचं मला जास्त नवल वाटतं.

राजा मागं राहिला, लढून मेला. लहानपणी मी विचारलं होतं, "दोघांना जागा नव्हती का गं?"

"दोघं कुठली," आजी म्हणाली, "तिघं झाली असती."